वेचणीच्या छायाचित्रांना रंगछटा दिली की कापूस पिवळा दिसतो, उपाय काय?

घाटंजीकर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या पहिल्या वेच्याची काही छायाचित्रे मी सकाळी, धुवारी (धुके) पुरती उठण्याच्या आत काढली आहेत आणि ती गावातील वाचनालयाच्या भिंतीवर मांडायचा विचार आहे. ऊन कोवळे आणि एका बाजूने येणारे होते. बायांनी लुगड्यावर पुरुषी शर्ट चढवलेले, डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले, कमरेला कापूस ठेवायच्या ओट्या बांधलेल्या, आणि मागे धुऱ्यावरची (बांधावरची) बाभळीची रांग धुवारीत अर्धी विरघळलेली, असे एकूण दृश्य आहे.

प्रत्यक्ष पाहताना त्या सकाळी गारवाही जाणवत होता आणि उन्हाची ऊबही. छायाचित्रात मात्र सगळे सपाट आणि करडे उतरले. म्हणून लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सध्या सर्वत्र दिसणारा केशरी-मोरपंखी प्रकारचा एक तयार प्रीसेट (आधीच ठरवलेल्या रंगबदलांचा संच) लावून पाहिला. चित्रात जान आली हे खरे, पण कापूस पिवळा पडला. शेजारच्या काकांनी पाहताच विचारले, "बोंडअळीनं खाल्लेली पऱ्हाटी हाय काय हे? सारी कवडी दिसून राह्यली." त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, कारण आपल्याकडे कवडी, म्हणजे पिवळट कापूस, हा भाव पडलेला माल, आणि ज्याने आयुष्यभर कापूस विकला आहे त्याला त्या छायाचित्रात सोनेरी सकाळ दिसणार नाही, नुकसान दिसेल. बरे, उबदार छटा काढून सगळ्या चित्राला निळसर केले, तर कोरडी काळी जमीन नुकताच पाऊस पडून गेल्यासारखी ओली दिसते, आणि वेचणीच्या दिवसांत पाऊस म्हणजे काय, हे येथे कोणाला सांगायला नको.

तेव्हा प्रश्न असा की, कापूस पांढरा आणि जमीन कोरडी ठेवून त्या सकाळचा भाव रंगछटेने आणता येतो काय? आणि सर्व छायाचित्रांना एकच छटा दिली तर मालिका एकसंध वाटेल, की प्रत्येकाचा विचार वेगळा करावा? बहुतेक छायाचित्रे रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने नोंदलेली, प्रक्रिया न केलेली) आहेत, थोडी मोबाइलवरची जेपीईजी (प्रक्रिया करून दाबलेली) आहेत.

स्टुडिओवाला_मोर्शी

घाटंजीकर भाऊ, दोष तुमच्या डोळ्यांचा नाही, त्या प्रीसेटचा आहे. असे बहुतेक प्रीसेट निळ्या चॅनेलच्या कर्व्हला (अंधाऱ्यापासून उजळ भागांपर्यंत निळा किती, हे ठरवणाऱ्या रेषेला) दोन्ही टोकांना हात लावतात: खालचे टोक वर उचलतात, त्यामुळे अंधारे भाग निळसर होतात, आणि वरचे टोक खाली दाबतात, त्यामुळे उजळ भाग पिवळे होतात. ज्या छायाचित्रात सर्वांत उजळ वस्तू आकाश किंवा भिंत असते तेथे हे खपून जाते. तुमच्या छायाचित्रात सर्वांत उजळ वस्तू कापूसच आहे, म्हणून सगळा पिवळेपणा नेमका त्याच्यावर जाऊन बसतो. उपाय त्यातच आहे: कर्व्हचे वरचे टोक जागच्या जागी राहू द्या आणि भाव निर्माण करण्याचे काम अंधाऱ्या भागांकडून करून घ्या.

त्याआधी व्हाइट बॅलन्स (कोणत्या प्रकाशाला पांढरे मानायचे ते) ठरवावा लागेल, आणि येथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. बाजूने ऊन असताना एकाच बोंडातील कापसाचे दोन रंग असतात. उन्हाकडची कड गवती-पिवळसर असते, कारण उगवत्या सूर्याचा प्रकाश साधारण 3000 ते 3500 केल्व्हिनच्या आसपास असतो (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर, जास्त तितका निळसर). सावलीकडची बाजू निळसर असते, कारण तिला प्रकाश देणारे मोकळे आकाश 7000 केल्व्हिनच्याही वर असते. आपला डोळा दोन्हींना पांढरेच म्हणतो, कॅमेरा म्हणत नाही. आता लाइटरूममधील ड्रॉपरने (क्लिक केलेल्या जागेला पांढरे मानणाऱ्या साधनाने) सावलीतल्या कापसावर क्लिक केले तर सगळे चित्र केशरी होईल, आणि उन्हातल्या कापसावर केले तर साऱ्या सावल्या निळ्या होतील व सकाळ निघून जाईल. म्हणून ड्रॉपर बाजूला ठेवा आणि टेम्परेचरची पट्टी हाताने सरकवत अशा जागी आणा की उन्हाची कड किंचित उबदार आणि सावलीची बाजू किंचित गार राहील. तुम्हाला जो गारवा आणि जी ऊब हवी आहे, ती दोन्ही कापसाच्या एकाच बोंडात आधीच आहेत. बाहेरून रंग ओतण्याची गरज त्यामुळे बरीच कमी होते.

त्यानंतर कलर ग्रेडिंगकडे या. लाइटरूममध्ये 2020 पर्यंत स्प्लिट टोनिंग नावाचे दोनच भागांचे साधन होते. आता शॅडोज (अंधारे भाग), मिडटोन्स (मधले) आणि हायलाइट्स (उजळ) अशी तीन रंगचाके आणि सगळ्यांवर मिळून एक चौथे चाक आहे. ते चौथे चाक विसरून जा. शॅडोजमध्ये चाकावरचा 220 ते 230 अंशांच्या जवळचा निळा घेऊन सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) 10 च्या आसपास ठेवा. हायलाइट्स शून्यावर राहू द्या. फारच वाटले तर 40 अंशांचा केशरी, पण सॅच्युरेशन 3-4 च्या पुढे नको. ब्लेंडिंगची पट्टी 50 वरून खाली आणली की सावलीचा निळा रंग उजळ भागांत कमी मिसळतो. मग कर्सर कापसावर नेऊन लाल, हिरवा आणि निळा यांची टक्केवारी पाहा. उन्हातल्या कापसावर 93, 91, 88 असे काही दिसले तर तो कापूस उन्हातला वाटतो. निळा आकडा लालपेक्षा दहाने मागे पडला की समजा, काकांची कवडी सुरू झाली. हा माझा धंद्यातला अंदाज आहे, नियम नव्हे. लग्नात नवरदेवाचे पांढरे धोतर आणि हळदीचा मांडव एकाच चौकटीत आले की मी हेच आकडे पाहतो.

जमीन ओली दिसते ती केवळ निळ्या रंगामुळे नाही. ओल्या काळ्या मातीत गडदपणा वाढतो आणि ढेकळांवर चकाकी येते. प्रीसेट बहुधा कॉन्ट्रास्टही वाढवतो, म्हणून गडदपणा, चकाकी आणि निळेपणा ही तिन्ही लक्षणे एकत्र जमतात. जमिनीपुरता मास्क करून (बदल तेवढ्याच भागाला लागेल अशी निवड करून) काळे भाग थोडे वर उचला, क्लॅरिटी (बारीक उठाव) किंचित कमी करा आणि टेम्परेचर जरासे उबदार बाजूला न्या. माती कोरडी होईल.

खबरबात

तांत्रिक चर्चा चांगली चालली आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. ही छायाचित्रे वेचणीची नोंद म्हणून भिंतीवर लागणार असतील, तर त्यांना छटा देण्याचे मुळात कारण काय? बातमीच्या छायाचित्रात रंग दुरुस्त करणे मान्य असते. तो मूळ दृश्यापासून दूर नेणे मान्य नसते. कोरडी जमीन ओली दिसली आणि निरोगी कापूस रोगट दिसला, हे प्रश्नकर्त्यानेच लिहिले आहे. म्हणजे छटेने माहिती बदलली. भावासाठी छटा द्यायचीच असेल तर छायाचित्रांखालच्या ओळीत तसे सांगावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

झाडीपट्टीचा_प्रेक्षक

खबरबात यांचा आक्षेप रास्त आहे, परंतु कॅमेऱ्यातून निघालेला रंग म्हणजेच मूळ दृश्य, असे गृहीत धरता येत नाही. ऑटो व्हाइट बॅलन्सने धुवारीतला गारवा आणि उन्हाची ऊब दोन्ही पुसून सगळे करडे केले असेल, तर माहिती तेथेही बदललीच आहे. किती छटा द्यावी हा प्रश्न उरतोच, पण छटा नसलेले छायाचित्र अधिक खरे, हे मला पटत नाही.

मला खरे म्हणजे दुसरीच गोष्ट सांगायची होती. सावल्यांना रंग देणे आणि उजळ भागांना रंग देणे यांतला फरक संगणकाने आणलेला नाही. मूकपटांच्या काळात कृष्णधवल फिल्म रंगवण्याच्या दोन निरनिराळ्या पद्धती होत्या. पहिल्या पद्धतीत तयार फिल्म रंगाच्या पाण्यात बुडवत, त्यामुळे पारदर्शक असलेला उजळ भाग रंगीत होई आणि काळे ते काळेच राही. रात्रीचे प्रसंग बहुधा दिवसाच चित्रित करून निळ्या रंगात बुडवले जात, दिव्याच्या उजेडातल्या घरासाठी अंबर वापरत, आगीसाठी लाल. दुसऱ्या पद्धतीत चित्रातल्या चांदीच्या जागी रासायनिक क्रियेने दुसरे रंगीत संयुग आणत, त्यामुळे सावल्या रंगीत होत आणि पांढरे पांढरेच राही. छायाचित्रांतील सेपिया हा याच दुसऱ्या जातीचा: चांदीचे सल्फाइड होते, रंग तपकिरी येतो आणि चित्र टिकतेही अधिक. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेला सायनोटाइप तर चांदीचा नाहीच, लोहक्षारांचा आहे, पण दिसायला तोही असाच. गडद भाग निळा आणि कागद पांढरा.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, घाटंजीकर यांच्या छायाचित्रांना पहिली पद्धत मानवणारच नाही. आख्खे चित्र रंगात बुडवले की कापूस आधी रंगतो. त्यांना दुसऱ्या पद्धतीचे काम हवे आहे, आणि मोर्शीच्या भाऊंनी आकड्यांत तेच सांगितले आहे. उलट गडचिरोलीतील वडसा-देसाईगंज भागात रात्री रंगणाऱ्या नाटकांची छायाचित्रे काढताना माझी अडचण वेगळीच असते. तेथे एलईडीचा लाल किंवा निळा झोत नटाच्या तोंडावर पडला की एकच चॅनेल गच्च भरतो आणि बाकीच्या दोघांत काही उरत नाही. अशा छायाचित्राला वरून छटा देऊन काही साधत नाही. प्रकाशयोजनाकाराने ते काम आधीच केलेले असते. काढतानाच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) कमी ठेवणे, आणि ते जमले नाही तर चित्र सरळ कृष्णधवल करणे, हे दोनच मार्ग मला सापडले आहेत.

रंगपेटी

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझे लक्ष कापसाआधी चेहऱ्यांकडे गेले. सावल्यांत निळा घालण्याचा सल्ला वर दोघांनीही दिला आहे आणि कापसासाठी तो योग्यही आहे, मात्र त्या सावल्यांत कोण उभे आहे हे कोणीच विचारलेले नाही. दुपट्ट्याच्या आडोशाला असलेला, उन्हाने रापलेला सावळा चेहरा संगणकाच्या हिशेबात शॅडोजमध्येच मोडतो. तेथे निळा किंवा मोरपंखी रंग भरला की त्या बाईचा वर्ण राखाडी होतो, ओठ काळवंडतात आणि ती आजारी दिसते. गोऱ्या त्वचेवर जुळवलेले प्रीसेट आपल्याकडे उतरत नाहीत त्याचे हे एक मोठे कारण आहे: गोरा चेहरा मिडटोन्सच्या वर राहतो आणि सावलीच्या रंगातून सुटतो, सावळा सुटत नाही.

त्वचा गोरी असो की काळी, तिच्यात लाल सर्वाधिक, मग हिरवा, मग निळा, हा क्रम कायम राहतो. निळा आकडा हिरव्याच्या बरोबरीला आला की चेहरा मातकट दिसू लागतो. म्हणून माझी विनंती अशी की, चेहरे आणि हात मास्कने निळ्या छटेतून वगळावेत. पूर्ण वगळले तर ते कापून चिकटवल्यासारखे दिसतात, तेव्हा छटेचा थोडा अंश राहू द्यावा आणि मास्कची कड मऊ ठेवावी. काटेरी बोंडांनी ओरखडलेली बोटे कापसाच्या पांढऱ्यात रुतलेली असतात, त्या जागी विशेष काळजी घ्यावी लागेल, कारण तेथे त्वचा आणि कापूस यांच्यामध्ये ब्रश फिरवायला जागाच नसते. ब्रशऐवजी रंगावर आधारित मास्क घेतला आणि त्वचेच्या केशरी-तपकिरी भागावर क्लिक केले, तर काम नेमके होते.

दुसरे असे की, निळ्याच्या हट्टाने बसू नये. धुवारीतील बाभळी आणि मागची तूर यांच्यात हिरवट करडा रंग मुळातच असतो. तोच थोडा गडद केला आणि त्यातील पिवळा कमी केला, तर चित्र गार वाटू लागते आणि चेहऱ्यांना धक्काही लागत नाही. शेजारी गार रंग आला की कोवळे ऊन आपोआप अधिक उबदार भासते. चित्रकार हे पूर्वीपासून करत आले आहेत.

घाटंजीकर

सर्वांचे मनापासून आभार. मोर्शीच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे हायलाइट्स मोकळे सोडले आणि रंगपेटी ताईंचा हिरवट करडा वापरला. बांधावरून घेतलेल्या दूरच्या छायाचित्रांत दोन्ही उत्तम जुळून आले. काकांनी आता कापसाचा भावही सांगितला. जवळून घेतलेल्या ओटीच्या छायाचित्रात मात्र सावलीतला कापूस अजून निळा येतो. खबरबात दादांची सूचनाही मान्य आहे, छायाचित्रांखाली तशी ओळ लिहीन. मोबाइलवरच्या छायाचित्रांत धुवारीच्या जागी पट्टे पडत आहेत, त्याचे काय करावे? आणि मालिकेचा प्रश्न अजून बाकी आहे.

स्टुडिओवाला_मोर्शी

ताईंचा मुद्दा मला सुचायला हवा होता. चेहरे वगळणे आवश्यकच आहे. ओटीतला कापूस छायेत असल्याने तो हायलाइट्समध्ये नाही, मिडटोन्समध्ये मोडतो आणि शॅडोजच्या निळ्याचा काही भाग तेथे पोहोचतो. ओटीवर मास्क करून टेम्परेचर थोडे उबदार बाजूला न्या, पण पूर्ण पांढरे करू नका. छायेतला कापूस उन्हातल्यासारखा पांढरा झाला की तो कागदाचा दिसतो.

मोबाइलवर पट्टे पडतात, कारण जेपीईजीमध्ये प्रत्येक चॅनेलला 256 च पायऱ्या असतात. रॉ 12 बिटचे असेल तर 4096, आणि 14 बिटचे असेल तर 16384. धुवारीसारख्या मंद उतरत जाणाऱ्या करड्या पट्ट्यात आधीच थोड्या पायऱ्या वापरलेल्या असतात आणि छटा देताना त्या ओढल्या गेल्या की मधली फट दिसू लागते. जेपीईजीला छटा अर्धीच द्या आणि शेवटी बारीकसे ग्रेन (फिल्मसारखे कण) घाला. पट्टे पुष्कळ झाकले जातात. स्नॅपसीड या मोबाइल ॲपमध्ये करणार असाल तर कर्व्हजमध्ये निळा चॅनेल निवडून फक्त खालचे टोक किंचित उचला, मधोमध एक बिंदू रोवून ठेवा आणि वरच्या टोकाला हात लावू नका. नंतर झालेल्या बदलांची यादी उघडून त्या पायरीतील ब्रशने छटा हवी तेथेच रंगवता येते. पुढच्या वेच्याला मोबाइलच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स 5500 केल्व्हिनवर बांधून ठेवा. ऑटोवर प्रत्येक चौकट निराळी येते आणि मग मालिका जुळवताना दमछाक होते.

मालिकेबद्दल माझे मत असे की, सावलीचा रंग सर्व छायाचित्रांत एकच ठेवावा आणि उन्हाचा रंग त्या त्या वेळेप्रमाणे राहू द्यावा. सकाळी सातचे ऊन आणि बंडी (बैलगाडी) भरतानाचे दुपारचे ऊन एकाच छटेत आणले तर दिवस पुढे सरकल्याचे पाहणाऱ्याला कळणार नाही. दुपारच्या छायाचित्रांना तर मी काहीच देणार नाही.

हे काम करताना मोबाइल आणि संगणक या दोन्हींवरची रात्रीची पिवळी स्क्रीन बंद ठेवा आणि मोबाइलचा डिस्प्ले भडक रंगांऐवजी नैसर्गिक पर्यायावर घ्या. बराच वेळ एकाच छटेकडे पाहिले की डोळा तिला सरावतो आणि आपण नकळत ती वाढवत जातो. चहा पिऊन परत आल्यावर पहिल्या नजरेत जे दिसते त्यावर विश्वास ठेवा. लॅबला फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमानकात द्या, आणि सगळी मालिका एकदम न छापता आधी लहान आकारात एकच प्रिंट काढून घ्या, ज्यात कापूस, चेहरा आणि जमीन तिन्ही असतील. ती प्रिंट वाचनालयाच्या त्याच भिंतीवर, तेथील दिवे लावून पाहा. 6500 केल्व्हिनच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब असतील तर तुमची निळी छटा तेथे अधिक गार दिसेल, आणि मग शॅडोजचे सॅच्युरेशन 10 वरून 6-7 वर आणावे लागेल. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबचे प्रतिबिंब नेमके धुवारीच्या जागी पडते.